ताकाला जाऊन भांडं लपवू नका

वाचकाचं पत्र:

मी इतिहासात पीएचडी करते आहे. विषय १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. त्या साथीत काही शहरांनी शाळा बंद केल्या, काहींनी चालू ठेवल्या. हा निर्णय डॉक्टर घेत होते की शिक्षण मंडळं, आणि कशाच्या जोरावर, हे मला शोधायचं आहे. आमच्या ग्रंथालयात संदर्भ विभाग आहे. मागे एकदा धीर करून तिथल्या काउंटरवर गेले आणि ‘इन्फ्लुएंझावर काही पुस्तकं आहेत का?’ असं विचारलं. बाईंनी कॉम्प्युटरवर बघून एक क्रमांक लिहून दिला. त्या कपाटात सगळी वैद्यकीय पाठ्यपुस्तकं निघाली. परत जाऊन ‘हे नको होतं’ म्हणायची लाज वाटली, तशीच निघून आले. मग एका एआय चॅटबॉटला विचारलं. त्याने संदर्भांची झकास यादी दिली, पण त्यातले बरेच लेख कुठे सापडतच नाहीत. गाइड म्हणतात, संदर्भ शोधणं हेच संशोधकाचं काम. मग दुसऱ्याला विचारणं म्हणजे आपलं काम त्यांच्या गळ्यात मारणं नाही का? आणि विचारायचंच झालं तर कसं विचारायचं?
– संकोची

प्रिय संकोची,

तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं बाईंनी अगदी बरोबर उत्तर दिलं. अडचण तिथेच आहे.

तुमच्या ग्रंथालयात ड्यूई दशांश वर्गीकरण, म्हणजे पुस्तकांना विषयवार क्रमांक देऊन लावायची पद्धत, असेल, तर काय झालं ते इथे बसून सांगता येतं. या पद्धतीत रोग आणि त्यांचे उपचार ६१६ मध्ये जातात. ‘इन्फ्लुएंझा’ म्हटल्यावर कॅटलॉगने तुम्हाला तिकडे पाठवलं. पण साथ आटोक्यात ठेवण्याचे सार्वजनिक उपाय ६१४ मध्ये असतात. शाळकरी मुलांचं आरोग्य तर वैद्यकात नाहीच, ते शिक्षणाच्या गटात, ३७१.७ मध्ये. त्या काळाचा इतिहास पुन्हा ९०० च्या घरात. म्हणजे तुमचा विषय चार ठिकाणी विखुरलेला आहे, आणि ‘इन्फ्लुएंझावर पुस्तकं’ या दोन शब्दांनी त्यातलं नेमकं तुमच्या उपयोगाचं नसलेलं कपाट गाठलं.

आता तुमचंच पत्र पुन्हा वाचा. शाळा बंद की चालू, निर्णय कोणाचा, कशाच्या जोरावर. इतका नेटका प्रश्न तुम्ही मला लिहून पाठवलात, आणि मी सदर लिहिणारा माणूस, मला त्याचा काय उपयोग? ज्यांना उपयोग होता त्यांच्यासमोर मात्र तुम्ही तो गिळलात. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात, ते हेच.

असं करणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. रॉबर्ट टेलर नावाच्या अभ्यासकाने १९६८ साली ग्रंथालयात विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांवर एक निबंध लिहिला. ग्रंथालयशास्त्र शिकवताना तो अजूनही वाचायला लावतात. त्याने माहितीच्या गरजेच्या चार पायऱ्या सांगितल्या. पहिलीवर नुसतीच अस्वस्थता असते, काहीतरी हवंय पण काय ते सांगता येत नाही. दुसरीवर मनात एक धूसर वर्णन तयार होतं. तिसरीवर आपण ते नीट प्रश्नाच्या रूपात मांडू शकतो. आणि चौथीवर, काउंटरपाशी पोचेपर्यंत, त्या प्रश्नाची तडजोड झालेली असते. समोरची यंत्रणा काय देऊ शकेल याचा अंदाज बांधून आपण आपला प्रश्न त्या मापाचा कापतो. ग्रंथालयात पुस्तकं असतात, तेव्हा पुस्तकं मागावीत. पुस्तकं विषयवार लावलेली असतात, तेव्हा विषयाचं नाव सांगावं. झालं, ‘इन्फ्लुएंझावर काही पुस्तकं आहेत का?’

संदर्भ ग्रंथपालाचं खरं कसब या कापलेल्या प्रश्नापासून मागे चालत मूळ प्रश्नापर्यंत जाण्यात आहे. त्याचं रीतसर प्रशिक्षण असतं आणि त्याला ‘रेफरन्स इंटरव्ह्यू’ म्हणतात. म्हणून ते उलट प्रश्न विचारायला लागले की परीक्षा घेतायत असं समजून घाबरू नका. तुमच्या बाईंनी त्या दिवशी उलट काही विचारलं नाही, ही त्यांची कसूर आहे, हे मी स्पष्टच म्हणेन. कदाचित मागे रांग असेल. पण तुम्ही पहिल्याच वाक्यात सगळं सांगितलं असतं, तर त्यांना विचारायची गरजही पडली नसती.

तुमचा प्रश्न न कापता नेलात तर बोलणं साधारण असं होईल:

‘१९१८ च्या साथीत शाळा बंद करायचा निर्णय कसा झाला, ते शोधते आहे. पीएचडीसाठी.’
‘कुठल्या शहरांतल्या शाळा?’
‘अजून नक्की नाही. दोन-तीन शहरं तुलनेला घ्यायची आहेत. न्यूयॉर्क त्यातलं एक.’
‘तिथे शाळा चालू होत्या ना?’
‘हो, म्हणूनच घेतेय.’
‘शाळांमध्ये त्या काळात काय घडलं ते हवंय, की निर्णय कसा झाला तेवढंच?’
‘निर्णय.’
‘मग आधी पुस्तकं नकोत. आरोग्य खात्याचे त्या वर्षांचे अहवाल बघू, शिक्षण मंडळाची इतिवृत्तं, आणि तेव्हाची वर्तमानपत्रं. आत्तापर्यंत काय काय पाहिलंत?’

‘मग आधी पुस्तकं नकोत’ हे एक वाक्य ऐकायला मिळावं, एवढ्यासाठीसुद्धा काउंटरवर जावं. तुम्ही पुस्तकं मागत होतात, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर मुळात पुस्तकात नसून अहवालांत आणि बैठकांच्या नोंदींत आहे. न्यूयॉर्कचे तेव्हाचे आरोग्य आयुक्त रॉयल कोपलंड यांनी शाळा चालू ठेवल्या, आणि त्यांची बाजू अशी होती की गर्दीच्या चाळवजा घरांपेक्षा मुलं शाळेत डॉक्टर-नर्सच्या नजरेखाली बरी. शिकागोनेही शाळा चालू ठेवल्या. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या शहरांनी मात्र बंद केल्या. हे सगळं तेव्हाच्या वर्तमानपत्रांत आणि सरकारी कागदांत आहे, आणि त्यातला बराचसा भाग आता डिजिटल झाला आहे. मिशिगन विद्यापीठाने तर अमेरिकी शहरांतल्या या साथीची कागदपत्रं आणि बातम्या एकत्र करून ऑनलाइन ठेवल्या आहेत. संदर्भ विभागातल्या माणसाला हे सगळं तोंडपाठ असेलच असं नाही, पण असलं काही कुठे असू शकतं आणि कसं हुडकायचं, हे माहीत असतं.

दुसरी गोष्ट शब्दांची, आणि इतिहासवाल्यांना इथे ग्रंथपालाचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. १९१८ च्या कागदांत ‘एच१एन१’ हे त्या विषाणूचं आजचं नाव टाकून शोधलंत तर हाती भोपळा. माणसातला इन्फ्लुएंझाचा विषाणू वेगळा काढता आला तो १९३३ साली. १९१८ मध्ये अनेक डॉक्टरांचा संशय एका जिवाणूवर होता, रिचर्ड फायफर यांनी १८९२ साली वर्णन केलेल्या. तेव्हा त्या काळच्या लेखांत ‘फायफर्स बॅसिलस’ शोधावं लागतं, ‘ग्रिप’ हे फ्लूचं जुनं नाव शोधावं लागतं, शाळांसाठी ‘स्कूल हायजीन’ शोधावं लागतं. ‘सोशल डिस्टन्सिंग’ नावाचं काही तेव्हा कोणी लिहीत नव्हतं. उलट कॅटलॉगमध्ये शोधताना आजची ठरलेली विषयशीर्षकं लागतात. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेतल्या ग्रंथालयाच्या यादीत या साथीसाठी ‘इन्फ्लुएंझा एपिडेमिक, १९१८-१९१९’ असं एक अख्खं शीर्षक आहे. ते इंग्रजीत, त्याच शब्दांत टाकलं की शीर्षकात ‘इन्फ्लुएंझा’ हा शब्दही नसलेली पुस्तकं समोर येतात. कागदपत्रांना एक भाषा, कॅटलॉगला दुसरी. ही दुहेरी कसरत शिकवायला कोणी असेल तर शिकून घ्यावी.

त्यातच जुनी वर्तमानपत्रं. स्कॅन केलेल्या पानावरची अक्षरं कॉम्प्युटर आपल्या परीने वाचतो आणि त्याच वाचनात आपण शोधतो. शाई पसरलेली, टाइप झिजलेला, अरुंद रकान्यामुळे शब्द ओळीच्या शेवटी तुटलेला, की यंत्राला तो दिसतच नाही. ‘शून्य निकाल’ आला म्हणजे बातमी नव्हती, असा निष्कर्ष प्रबंधात गेला तर पंचाईत होईल. अशा वेळी शब्द सोडून तारखेने पानं चाळायची. तुमच्यासाठी १९१८ चा सप्टेंबर ते नोव्हेंबर. काम कंटाळवाणं आहे, इलाज नाही.

आता विचारायचं कसं. तुम्हाला समोरासमोर बोलायचा संकोच आहे, तर पहिली गाठ ईमेलवर घाला. बहुतेक संदर्भ विभाग ईमेलने प्रश्न घेतात, वेळ ठरवून भेटतातही. वेळ मागून घेतलीत की रांगेचं दडपण जातं, आणि समोरच्यालाही आधी थोडं शोधून ठेवता येतं. मी असं लिहीन:

‘मी इतिहासात पीएचडी करते आहे. १९१८-१९ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत शहरांनी शाळा बंद किंवा चालू ठेवण्याचा निर्णय कसा घेतला, हा माझा प्रश्न आहे. न्यूयॉर्क नक्की, आणखी दोन शहरं ठरायची आहेत. मला मुख्यतः त्या काळची मूळ कागदपत्रं हवी आहेत. आपल्या कॅटलॉगमध्ये “इन्फ्लुएंझा” आणि “स्कूल” हे शब्द टाकून पाहिले, वैद्यकीय पाठ्यपुस्तकंच मिळाली. मला इंग्रजी आणि मराठी वाचता येतं. पहिलं प्रकरण दोन महिन्यांनी द्यायचं आहे. अर्ध्या तासाची वेळ मिळेल का?’

यातलं प्रत्येक वाक्य कामाचं आहे. कशासाठी हवंय ते सांगितल्याने खोली कळते, कारण शाळेच्या प्रकल्पाला आणि प्रबंधाला एकच उत्तर चालत नाही. काय शोधून झालं ते सांगितल्याने तीच वाट पुन्हा तुडवायची वेळ येत नाही. ‘नाही मिळालं’ ही माहितीसुद्धा सांगण्याजोगी असते, लोक नेमकी ती लपवतात. भाषा सांगितली नाही तर तुम्हाला वाचता न येणाऱ्या भाषेतले संदर्भ पुढ्यात येऊ शकतात. आणि मुदत. दुसऱ्या ग्रंथालयाकडून पुस्तक किंवा लेखाची प्रत मागवता येते, त्याला आंतरग्रंथालयीन देवघेव म्हणतात, पण त्यात दिवस जातात. कधी आठवडेही. सादरीकरणाच्या आदल्या दिवशी धावत आलेल्या माणसासाठी कितीही कळकळीचा ग्रंथपाल काही करू शकत नाही.

‘माझा प्रश्न मूर्खपणाचा असेल कदाचित’ अशी सुरुवात मात्र करू नका. त्याने समोरच्याचा वेळ तुमचं सांत्वन करण्यात जातो.

तुमच्या गाइडचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. तुमच्या जागी बसून कागद वाचणं, कोणाचं म्हणणं पटतं ते ठरवणं, आढावा लिहिणं, हे ग्रंथपाल करणार नाही आणि तुम्ही मागूही नये. पण कागद कुठे आहे हे विचारणं वेगळं. सॅम्युअल ग्रीन या अमेरिकी ग्रंथपालाने १८७६ साली, म्हणजे ड्यूईचं वर्गीकरण ज्या वर्षी छापलं गेलं त्याच वर्षी, ग्रंथपालाने वाचकाला जातीने मदत करावी असा आग्रह एका निबंधात धरला. संदर्भसेवेची सुरुवात साधारण तिथून धरतात. गंमत म्हणजे त्याच निबंधात त्याने बजावलं आहे की वाचकाला परावलंबी करू नका, लागेल तेवढी मदत द्या आणि स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकवा. तुमचे गाइड आणि ग्रीन यांच्यात भांडण नाहीच. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतो. काउंटरमागच्या माणसाला तुमचा वेळ वाचवण्याचाच पगार मिळतो. तुम्ही गेला नाहीत, तर त्यांच्या गळ्यातलं काम कमी होत नाही, नुसता तुमचा वेळ जातो.

गाइडना टोचत असेल, तर एक करा. ग्रंथपालाला ‘मला शोधून द्या’ म्हणण्याऐवजी ‘तुम्ही कसं शोधता ते माझ्यासमोर करून दाखवाल का?’ असं विचारा. स्क्रीन तुमच्याकडे वळवायला सांगा. ते कोणता शब्द टाकतात, निकाल कमी आले की कुठला शब्द काढतात, एखादा चांगला लेख सापडला की त्याच्या तळटिपांत मागे आणि त्याचा संदर्भ देणाऱ्या नव्या लेखांत पुढे कसे जातात, हे बघा आणि वहीत लिहून घ्या. पुढच्या प्रकरणाला तुम्हाला त्यांची निम्मीच गरज लागेल.

त्यांच्यावर डोळे झाकून विश्वासही ठेवू नका. १९८६ मध्ये हर्नन आणि मॅक्लूर या दोन अभ्यासकांनी ‘पंचावन्न टक्क्यांचा नियम’ मांडला होता. ओळख न देता, साधे वाचक म्हणून संदर्भ विभागांत नेमकी उत्तरं असलेले प्रश्न विचारायचे आणि उत्तरं तपासायची, अशा चाचण्यांत बरोबर उत्तरं साधारण ५५ टक्के निघत. त्यावर वाद झाले, कारण संदर्भ ग्रंथपालाचं बरंचसं काम अशा एका ओळीच्या प्रश्नांपलीकडचं असतं. तुमचा प्रश्नही तसलाच. तरीही ग्रंथपालाने सांगितलं एवढ्यावर प्रबंधात काही लिहू नका, मूळ कागद स्वतः बघा. चांगला ग्रंथपाल स्वतःच उत्तरासोबत ते कुठून घेतलं हे सांगतो. सांगितलं नाही तर विचारा.

राहता राहिला चॅटबॉट. ती यादी फेकून देऊ नका आणि लपवूही नका, घेऊन जा. पण जाताना सांगा की ही यादी चॅटबॉटने दिली आहे. नाहीतर बिचाऱ्या बाई अस्तित्वातच नसलेला लेख आधी आपल्या कॅटलॉगमध्ये, मग दुसऱ्या ग्रंथालयांत शोधत बसतील. असे बनावट संदर्भ ओळखणं कठीण जातं, कारण त्यातले तुकडे खरे असतात. लेखक खरा, नियतकालिक खरं, त्या लेखकाने त्या विषयावर लिहिलेलंही असतं, फक्त तो लेख कधी लिहिलाच गेलेला नसतो. घरी तपासायचं तर त्या नियतकालिकाचा तो खंड आणि तो अंक उघडा आणि त्या पानावर काय छापलंय ते बघा. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक, दिला असेल तर तो टाकून पाहा. उघडला म्हणून लगेच हुश्श करू नका, कधी तो भलत्याच लेखावर नेतो. नाव ताडून बघा. जे सापडत नाहीत त्यांची वेगळी यादी करून ग्रंथपालांना दाखवा, एखादा खरा असून नुसतं वर्ष चुकलेलं असू शकतं.

समजा त्याच बाई भेटल्या आणि पुन्हा नुसता क्रमांक लिहून दिला, तर? तिथेच थांबून म्हणा, ‘हे कपाट मी पाहिलंय, तिथे उपचारांची पुस्तकं आहेत, मला शाळांचे निर्णय हवेत.’ यात लाजण्यासारखं काही नाही. संदर्भसेवेत ‘हवं ते मिळालं का?’ हा शेवटचा प्रश्न विचारायलाच शिकवतात, तुम्ही त्याचं उत्तर न विचारता देता आहात, इतकंच. तरीही जमलं नाही तर वैद्यकशास्त्र किंवा इतिहास सांभाळणारे वेगळे ग्रंथपाल आहेत का ते विचारा. मोठ्या ग्रंथालयांत विषयवार माणसं असतात आणि काउंटरवर त्या वेळी कोण बसलंय हा पाळीचा प्रश्न असतो. काही मोठी ग्रंथालयं तर बाहेरच्या वाचकांचे प्रश्नही ऑनलाइन घेतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसची ‘आस्क अ लायब्रेरियन’ ही सेवा जगात कुठूनही वापरता येते. स्थानिक दार आधी ठोठावा, मग तिकडे जा.

तुमच्या विषयात कोणी आधी घुसेल, ही धास्ती अनेक संशोधकांना काउंटरवर गप्प बसवते. तुम्ही ते लिहिलं नाहीत, पण असेल तर सांगतो, वाचक काय विचारतो आणि काय वाचतो ते गुप्त ठेवणं हे या व्यवसायाच्या आचारसंहितेतच आहे. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या १९३९ च्या संहितेतही ते होतं.

तेव्हा वरचा ईमेल तुमच्या शब्दांत लिहा आणि आजच पाठवा. तुलनेची दोन शहरं ठरायची वाट बघू नका. कुठल्या शहराची कागदपत्रं शाबूत आहेत आणि हाताशी येण्यासारखी आहेत, हे कळल्यावरच ती ठरवणं शहाणपणाचं, आणि भेटीत सगळ्यात आधी तेच विचारा.